पंखा धूळ काढत नाही, फिरवतो

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: शिरोली एमआयडीसीत ४० माणसांची ग्रे आयर्नची फाउंड्री, त्यातले ११ जण फेटलिंगला, म्हणजे ओतून निघालेल्या कास्टिंगवरची वाळू आणि कडा घासायला. भिंतीत चार एक्झॉस्ट फॅन, प्रत्येक ग्राइंडरवाल्याजवळ एक पेडेस्टल फॅन, आठवड्याला माणशी एक मास्क. तरी सुट्टी झाल्यावर नळावर सगळ्यांच्या नाकातून काळं निघतं. १२ वर्षं फेटलिंग करणाऱ्या एकाच्या एक्स-रेत डाग आलेत आणि टीबीची औषधं सुरू झालीत. एका पुरवठादारानं १२,००० सीएफएमच्या (मिनिटाला तेवढे घनफूट हवा ओढणाऱ्या) डस्ट कलेक्टरचं १८ लाखांचं कोटेशन दिलंय आणि मालक तुम्हाला विचारताहेत, घ्यायचा का.

आत्ता लगेच नको. का, ते पुढं सांगतो. पण आधी त्या माणसाबद्दल.

टीबीची औषधं कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका. सिलिकोसिस, म्हणजे वाळूची बारीक धूळ फुप्फुसात साचून होणारा आजार, झालेल्याला टीबी लवकर धरतो, दोन्ही एकदम असू शकतात. पण सिलिकोसिसचे डागही बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागातच येतात, आणि "काम काय करता?" या प्रश्नाला "कंपनीत आहे" एवढंच उत्तर मिळालं तर डॉक्टर तरी काय करणार, तो टीबीच धरतो. म्हणून एका कागदावर लिहून द्या: वाळूच्या साच्यातून निघालेल्या कास्टिंगची घासाई, इतकी वर्षं, दिवसाला इतके तास. जुने सगळे एक्स-रे सोबत द्या. थुंकीत जंतू सापडले होते की नुसत्या फोटोवरून औषध चालू झालं, हेही विचारून घ्या. सिलिकोसिस ठरला तर तो कळवणं कारखान्यावरही बंधनकारक आहे आणि डॉक्टरवरही; कारखाने अधिनियमात हे कलम ८९ होतं. ईएसआयच्या (कामगार विमा) व्यवसायजन्य आजारांच्या यादीत तो आहे, म्हणजे भरपाई हा त्याचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. मालक इथं हमखास बिचकतात आणि माणसाला हिशेब देऊन मोकळे होतात. तसं होऊ देऊ नका. हा आजार बरा होत नाही, धुळीतून बाहेर काढल्यावरही काहींचा वाढत राहतो. त्याला उद्यापासून फेटलिंगमधून हलवा, पगार न कापता. आणि उरलेल्या दहा जणांची छाती तपासून घ्या, नुसता फोटो नव्हे, फुंकून बघायची स्पायरोमेट्रीसुद्धा.

आता धूळ. नाकातून काळं निघतं ती नाकानं अडवलेली धूळ. ती बघून माणूस घाबरतो, पण नुकसान करते ती न दिसणारी. फुप्फुसात अगदी खोलवर पोचतात ते ढोबळमानानं ५ मायक्रॉनच्या आतले कण; आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. वाळूचा १ मायक्रॉनचा कण स्तब्ध हवेत दीड मीटर खाली यायला साडेचार तास घेतो, आणि तुमच्या शेडमध्ये हवा स्तब्ध कधीच नसते. म्हणजे सकाळच्या नॉकआउटची (साचे फोडून कास्टिंग बाहेर काढण्याची) धूळ दुपारी डबा उघडून बसलेला माणूस ओढत असतो, तेव्हा शेड डोळ्याला स्वच्छ दिसते.

मालकांना हे पटवायचं असेल तर एक प्रयोग करा. संध्याकाळी शेडचे दिवे बंद करून एकच ग्राइंडर चालू ठेवा. कामगाराच्या पलीकडे एक जोरदार टॉर्च स्टँडवर लावा, झोत तुमच्या दिशेनं, पण थेट डोळ्यात न येता थोडा तिरका. तुम्ही आणि मालक अलीकडे उभे राहा, टॉर्च एखाद्या पुठ्ठ्याआड झाका आणि झोताकडे बघा. देवळातल्या झरोक्यातून उन्हाची तिरीप आली की तरंगणारे कण दिसतात ना, तेच. एरवी ठिणग्यांसोबत खाली पडतेय असं वाटणारी धूळ प्रत्यक्षात चाकाभोवती गरगरून सरळ माणसाच्या हनुवटीखालून वर चढताना दिसेल. मग पेडेस्टल फॅन सुरू करा. ढग माणसासमोरून जातो आणि शेजारच्याच्या तोंडावर जाऊन बसतो. मी हा प्रयोग करतो तेव्हा मालक साधारण दोन मिनिटं काही बोलत नाहीत.

पंखा धूळ काढत नाही, फिरवतो. भिंतीतला एक्झॉस्टही बऱ्याचदा तेच करतो. तुमचे चार फॅन फेटलिंगच्या मागच्या भिंतीत आहेत असं लिहिलंय. मग त्यांना लागणारी हवा येते कुठून? एक उदबत्ती पेटवा, फाउंड्रीत देव्हारा असतोच, आणि नॉकआउटपासून चालत या. धूर तुमच्यासोबत फेटलिंगकडे चालत आला तर समजा, नॉकआउटची सगळी धूळ तुम्ही स्वतःच ११ माणसांच्या नाकावरून नेऊन बाहेर काढताय. फॅन उलट्या बाजूला हलवणं हे एका दिवसाचं काम आहे.

यातली माझी स्वतःची चूक सांगतो. नवीन होतो तेव्हा एका फाउंड्रीत फेटलिंगच्या टेबलांवर, माणसाच्या डोक्याच्या वर, मोठमोठ्या छत्र्या बसवून दिल्या. स्वयंपाकघरातल्या चिमणीसारख्या. खेच जबरदस्त होती, खाली कागद धरला तर वर जायचा. पण कामगार टेबलावर वाकून काम करतो. धूळ टेबलावरून निघून छत्रीकडे जाताना वाटेत त्याचं तोंड होतं. आम्ही धुळीला रस्ता दाखवला होता. वर्षभरानं नमुने घेतले तेव्हा आकडा आधीपेक्षा वाढलेला. तेव्हापासून माझा एकच नियम: धूळ जन्मते ती जागा आणि हुड, म्हणजे हवा ओढणारं तोंड, यांच्यामध्ये माणसाचं नाक येता कामा नये. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १४ मध्ये हेच लिहिलेलं होतं, एक्झॉस्ट धुळीच्या उगमाच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्या आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करा. आता त्या कायद्याच्या जागी २०२० ची कामगार सुरक्षेची संहिता आली म्हणून हवेची वागणूक बदललेली नाही.

"जितकं जवळ" यात किती पैसे दडलेत ते बघा. फुंकर लांबवर जाते, खेच जात नाही. पाइपातून हवा फुंकली तर तिचा जोर पाइपाच्या व्यासाच्या तीसपट अंतरावरही दहा टक्के उरतो. तोच पाइप हवा ओढत असेल तर एका व्यासाइतक्या अंतरावरच दहा टक्क्यांवर येतो. मेणबत्ती फुंकून विझवता येते, श्वास आत ओढून विझवून दाखवा. १५ सेंटिमीटर व्यासाचा उघडा पाइप कामापासून १५ सेंटिमीटरवर असेल, तर तिथं सेकंदाला अर्धा मीटर वेग मिळवायला २५७ सीएफएम पुरतात. पाइप ३० सेंटिमीटरवर नेला तर ९७२ लागतात. अंतर दुप्पट, हवा जवळजवळ चौपट, ब्लोअर आणि वीजबिलही त्याच हिशेबानं. आणि अर्धा मीटर हा वेग वेल्डिंगच्या धुराला पुरतो. ग्राइंडरच्या चाकावरून सुटलेल्या कणांना २.५ ते १० मीटर लागतो. त्यामुळं फेटलिंगला उघड्या पाइपाचा नाद सोडा, तीन बाजूंनी आणि वरून बंद असलेला बूथ करा, खेच मागच्या पत्र्यातून; कण आतच सुटतात, म्हणून तोंडावर कमी वेग पुरतो.

तुमचं कोटेशन इथं आडवं येतं. त्यात ११ टेबलांना प्रत्येकी १.२ मीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर उंच तोंडाचा बूथ दाखवलाय. तोंडावर सेकंदाला १ मीटर वेग धरला, ग्राइंडिंगला त्याखाली मी जात नाही, तर एका बूथला सुमारे २,३०० सीएफएम. अकरांना २५,००० च्या वर. कलेक्टर १२,००० चा. म्हणजे प्रत्येक तोंडावर निम्मीसुद्धा खेच मिळणार नाही आणि सहा महिन्यांनी कामगार म्हणतील, "साहेब, ते मशीन नुसतं आवाज करतं." पुरवठादार लबाड आहे असं म्हणत नाही, त्यानं बहुधा शेडचं घनफळ मोजून आकडा काढलाय.

आता उलटं करू. तुमच्या कास्टिंग पाच ते आठ किलोच्या, पंप बॉडी आणि ब्रॅकेट. त्यांना ९० बाय ६० सेंटिमीटरचं तोंड भरपूर झालं. आत छोटं फिरतं टेबल बसवा, म्हणजे माणूस कास्टिंग फिरवेल, स्वतः फिरून धुळीच्या वाटेत येणार नाही. तोंड निम्मं, हवाही निम्मी: एका बूथला १,१५० च्या आसपास. दहा चालू, एकाचा डँपर (हवेची झडप) बंद, असं धरलं तर ११,५००. तोच १२,००० चा कलेक्टर आता पुरतो. प्रत्येक बूथमधून निघणारा फाटा डक्ट सुमारे १८५ मिलिमीटर व्यासाचा ठेवा, हवा सेकंदाला २० मीटरनं धावली पाहिजे. "मोठा टाकू, बरं असतं" म्हणून १२ इंची टाकला तर वेग साडेसातच्या खाली येतो, वाळू डक्टमध्येच बसते आणि वर्षभरात डक्ट खाली लोंबायला लागतो. म्हणून आधी पत्र्याचा एकच बूथ तुमच्याच फॅब्रिकेटरकडून बनवून घ्या, जुना ब्लोअर जोडा, टॉर्च लावून बघा, कामगाराला आठवडाभर वापरू द्या. त्याला कोपर लागतंय का, उजेड कमी पडतो का, हे तोच सांगेल. त्याला गैरसोयीचा असलेला बूथ रिकामा राहतो आणि काम शेजारच्या उघड्या टेबलावर होतं, हे मी किती वेळा बघितलंय.

त्याहीआधी एक गोष्ट, जिला खर्च जवळजवळ नाही. तुमच्याकडं कास्टिंग आधी ग्राइंडरखाली जातात आणि मग शॉट ब्लास्टिंगला, म्हणजे बारीक लोखंडी गोळ्यांच्या माऱ्यानं साफ करायला. क्रम उलटा करा. चिकटलेली वाळू शॉट ब्लास्टच्या बंद पेटीत उतरू द्या, त्या मशीनला स्वतःचा फिल्टर आहेच. ग्राइंडरवाल्याकडं मग बहुतांश लोखंडच घासायला उरतं. लोखंडाची धूळही चांगली नाही, पण ती क्वार्ट्झ, म्हणजे वाळूतला स्फटिकी सिलिका, नव्हे. कास्टिंगला वाळू जळून चिकटतेच का, हा प्रश्न मोल्डिंगवाल्याला विचारा: वाळूची बारकाई, कोल डस्टचं प्रमाण, साच्याची घट्टाई, कोअरला लावलेलं कोटिंग, ओतायचं तापमान. वाळू कणकवलीकडच्या कासार्ड्याची असो की आणखी कुठली, ती बहुतेक सगळी क्वार्ट्झच असते. ती कास्टिंगसोबत फेटलिंगपर्यंत जितकी कमी जाईल तितकं बरं.

एअर गन आजच्या आज बंद करा. कामगार सुट्टी झाल्यावर एकमेकांच्या अंगावर हवा मारून कपडे साफ करतात, बरोबर? दिवसभरात गोळा केलेली सगळ्यात बारीक धूळ अर्ध्या मिनिटात परत हवेत, तीही नाकापासून वीतभर अंतरावर. कास्टिंगच्या पोकळीतली वाळू काढायलाच हवा लागत असेल तर ते काम बूथच्या आत. कोरडा झाडूही नको. जमीन ओली करून झाडा, नाहीतर बारीक धुळीचा हेपा फिल्टर असलेला इंडस्ट्रियल व्हॅक्यूम घ्या. गाड्या धुवायच्या दुकानातला साधा व्हॅक्यूम चालत नाही, तो बारीक धूळ मागून सोडतो. कपडे कंपनीतच धुवा. घरी नेले की आई किंवा बायको ते झटकते.

उन्हाळ्यात पंखा काढला तर कामगार काम सोडतील, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. बूथच्या तोंडावर सेकंदाला एक मीटरची खेच असते आणि पेडेस्टल फॅन तीन-चार मीटरनं मारतो. दोघांच्या भांडणात हुड हरतो. पाठीमागून वारा मारला तर माणसासमोर भोवरा तयार होतो आणि धूळ पुन्हा तोंडाशी. तेव्हा डोक्यावरून, बाहेरची ताजी हवा आणणारा रुंद तोंडाचा डक्ट घ्या, हवा हलकी सोडा. शेडमधून जितकी हवा बाहेर काढता तितकी आत यायलाच हवी, ती इथून येऊ द्या.

धुराबद्दल तुम्ही एकाच ओळीत विचारलंय, मीही थोडक्यात सांगतो. ओतताना साच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही आणि धुळीचा कुठलाच मास्क त्याला अडवत नाही. ओतल्यानंतर साचे थंड होतात तिथं माणसं बसू देऊ नका, थंडीच्या दिवसांत उबेला हमखास बसतात. भंगारात गॅल्व्हनाइज्ड पत्रा आला तर भट्टीतून पांढरा धूर निघतो, तो जस्ताचा. भट्टीवाल्याला रात्री थंडी वाजून ताप येतो, सकाळपर्यंत उतरतो, आणि तो मलेरियाच्या गोळ्या खात बसतो. उपाय भंगाराच्या यार्डात आहे, भट्टीवर नाही. कास्टिंगवर वेल्डिंग करत असाल तर त्या धुराला २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं माणसाला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात घातलंय; सिलिका त्या गटात १९९७ पासून आहे.

मास्क. आठवड्याला एक म्हणजे सोमवारी मास्क आणि मंगळवारपासून फडकं. आयएस ९४७३ चा एफएफपी२ दर्जाचा घ्या, दोन पट्ट्यांचा, कानाला अडकवायचा नव्हे, आणि श्वास जड व्हायला लागला की बदला. दाढी असेल तिथं तो बसत नाही, कडेनं हवा येते. तरीही ही सोय फक्त बूथ होईपर्यंतची. ४० अंशात आठ तास घट्ट मास्क कोणी घालत नाही, मीही घालणार नाही. तो घालत नाही म्हणून कामगाराला दंड करणाऱ्या सेफ्टी ऑफिसरना मी एकदा तरी स्वतः घालून ग्राइंडर धरायला लावतो.

मोजमाप करून घ्या, पण शेडच्या मध्यात यंत्र ठेवून काढलेला आकडा कुणाच्याच नाकातला नसतो. कामगाराच्या कॉलरला लावलेला सॅंपलर, कंबरेला पंप, पूर्ण शिफ्ट, आणि श्वसनीय धूळ वेगळी करणारा सायक्लोन. लॅबला धुळीचं वजन तर हवंच, त्यात क्वार्ट्झ किती टक्के हेही मागा. कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत होतं ते मर्यादेचं सूत्र सोपं आहे: १० भागिले, क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २. क्वार्ट्झ १८ टक्के आला तर मर्यादा घनमीटरला अर्धा मिलिग्रॅम श्वसनीय धूळ. पण तेवढ्यात क्वार्ट्झ होतो ९० मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेनं २०१६ मध्ये ठरवलेली मर्यादा ५० आहे, तिथल्या औद्योगिक आरोग्य तज्ज्ञांच्या परिषदेची २५. रिपोर्टवर "मर्यादेत" असा शिक्का बघून निश्चिंत होऊ नका, मी २५ च्या जवळ जायचा प्रयत्न करतो.

कलेक्टर घ्याल तेव्हा ऑर्डरमध्ये सीएफएमसोबत एक ओळ लिहून घ्या: "प्रत्येक बूथच्या तोंडावर दहा बूथ चालू असताना सेकंदाला १ मीटर, मोजून दाखवल्यावर शेवटचं पेमेंट." या ओळीनं पुरवठादाराचा सूर बदलतो. फिल्टरवरचा दाबफरकाचा मीटर कुणाच्या तरी रोजच्या कामात घाला, आकडा वहीत लिहायचा. मीटर वर चढत गेला तर पिशव्या तुंबल्यात, अचानक खाली आला तर पिशवी फाटलीय. हॉपर (पकडलेली धूळ साठते तो खालचा भाग) रिकामा करताना खाली पोतं बांधून रिकामा करा. उघड्यावर ओतलात तर महिन्याभराची पकडलेली धूळ एका दुपारी परत सोडली.

आणि भट्टीचं लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, ज्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. इंडक्शन भट्टीचा रॅमिंग मास, म्हणजे अस्तरासाठी ठोकून बसवायचा माल, हा सिलिकाच असतो, आणि ओतकामाच्या तापमानाला त्यातल्या क्वार्ट्झचा काही भाग क्रिस्टोबलाइट या सिलिकाच्याच दुसऱ्या स्फटिकरूपात बदलतो. मघाच्या दुसऱ्या अनुसूचीत क्रिस्टोबलाइटची मर्यादा क्वार्ट्झच्या निम्मी होती. जुनं लायनिंग फोडायला बहुतेक ठिकाणी रविवारी ठेकेदाराची दोन पोरं बोलावतात, भट्टीच्या आत उतरवतात आणि हातात ब्रेकर देतात. शेडमध्ये त्या दिवशी कुणी नसतं, त्यामुळं ती धूळ कुणी बघतच नाही. वर्षभरातलं सगळ्यात वाईट काम तेच. पुढचं लायनिंग कधी फोडायचंय ते आज बघा. त्याआधी लायनिंग एकसंध ढकलून बाहेर काढायची सोय तुमच्या भट्टीला आहे का, हे भट्टीवाल्याला विचारा. नसेल तर पाण्याचा बारीक फवारा किती आणि कुठं चालेल, भट्टीभोवतीच्या विजेच्या कॉइलला धोका न होता, हेही त्यालाच विचारा. आत उतरणाऱ्याला बॅटरीच्या पंख्यानं गाळलेली हवा देणारा पूर्ण तोंडाचा रेस्पिरेटर हवाच, आणि खाली उतरायच्या आधी भट्टीच्या काठाशी खेच लावलेली हवी. तारीख जवळ असेल तर कळवा, बूथचं नंतर बघू.